भंगारातली गाडी आणि पाव मैलाचं वळण

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात विन्स्टन-सेलम नावाचं शहर आहे. तिथल्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये मधोमध अमेरिकन फुटबॉलचं मैदान आहे आणि त्याच्या कडेने पाव मैलाचा, म्हणजे जेमतेम ४०० मीटरचा, सपाट डांबरी ट्रॅक. १९४९ पासून उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री इथे मोटारींच्या शर्यती होत आल्या आहेत. त्यातला सर्वांत वरचा वर्ग 'मॉडिफाइड'चा, उघड्या रुंद चाकांच्या आणि दणदणीत इंजिनांच्या गाड्यांचा. सर्वांत खालचा वर्ग 'स्टेडियम स्टॉक', म्हणजे चार सिलिंडरच्या साध्या गाड्यांचा.

असा खालचा वर्ग अमेरिकेतल्या बहुतेक गावठी ट्रॅकवर असतो. कुठे त्याला 'मिनी स्टॉक' म्हणतात, कुठे 'हॉर्नेट', कुठे 'स्पोर्ट कॉम्पॅक्ट'. गाड्या त्याच त्या: होंडा सिव्हिक, डॉज निऑन, शेव्हरोले कॅव्हेलियर, फोर्ड फोकस. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या, कुणाच्या तरी परसात गंजत पडलेल्या. आतली सीटं, गालिचा, काचा, एअरबॅगा काढायच्या. पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करायचा. दारावर नंबर रंगवायचा आणि उतरायचं. इंजिन कंपनीतून आलं तसंच ठेवायचं, टायर साधे रस्त्यावरचे. शर्यत पंधरा-वीस फेऱ्यांची.

मोटारशर्यतींचे दर्दी या वर्गाकडे नाक मुरडतात. मला मात्र गाडी वळते कशी हे समजून घ्यायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी दिसत नाही. पैसे टाकून ताकद विकत घ्यायची वाट नियमांनी बंद केली की हातात उरतं ते फक्त वळण.

थोडं गणित करू. पाव मैलाचा ट्रॅक म्हणजे ३५ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं आणि त्यांना जोडणारे प्रत्येकी ९१ मीटरचे दोन सरळ पट्टे, असं समजा. वळताना गाडीला आत खेचणारं बल एकाच ठिकाणाहून येतं, टायर आणि डांबर यांच्यातल्या घर्षणातून. घर्षणांक ०.९ धरला तर सपाट वळणावर गाडी सेकंदाला साधारण १७.६ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरने जाऊ शकते. त्याहून जास्त वेग ठेवला तर ती बाहेरच्या भिंतीकडे सरकणार. या सूत्रात गाडीचं वजन कुठेच येत नाही आणि इंजिनाची ताकदही नाही. दोन्ही वळणांत मिळून साडेबारा सेकंद जातात, सरळ पट्ट्यांवर सगळे मिळून आठ-एक सेकंद. म्हणजे फेरीचा साठ टक्के वेळ गाडी वळतच असते आणि तेवढा वेळ बॉनेटखाली काय आहे याला फारसा अर्थ नसतो.

मग वळणातला वेग वाढवायचा कसा? पहिला उपाय फुकटचा आहे: त्रिज्या वाढवा. वळणात शिरताना बाहेरच्या भिंतीला लगटून यायचं, मध्यावर आतली कड गाठायची आणि बाहेर पडताना पुन्हा भिंतीकडे सुटायचं. त्याने वाटेचा बाक काहीसा कमी होतो. त्रिज्या ३५ ऐवजी ४५ मीटर झाली तर वेग ताशी ६३ वरून ७२ वर जातो. दुसरा उपाय ट्रॅक बांधणाऱ्याच्या हातातला, वळणाची बाहेरची कड उंच करून आतल्या बाजूला उतार देणं. आपल्या जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये मारुती ८०० लाकडी भिंतीवर चिकटून फिरते, तिथे गाडीला आत ढकलण्याचं काम भिंत करते आणि घर्षण फक्त तिला खाली घसरू देत नाही. पंधरा अंशांच्या उतारावर दोघे हे काम वाटून घेतात. त्याच ३५ मीटरच्या वळणावर वेगमर्यादा ताशी ८३ किलोमीटरपर्यंत चढते. बोमन ग्रे सपाट आहे, म्हणून तिथे सगळा भार टायरवर.

आणि टायर बिचारा एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करतो. त्याच्याकडे पकड ठरावीक असते. ती वळण्यासाठी खर्च करा, वेग घेण्यासाठी करा, नाहीतर ब्रेकसाठी. हा हिशेब साध्या बेरीज-वजाबाकीचा नसून पायथागोरसच्या काटकोन त्रिकोणाचा असतो. नव्वद टक्के पकड वळण्यात गेली तरी वेग घ्यायला चव्वेचाळीस टक्के शिल्लक राहते. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर ही कामं पुढच्या-मागच्या टायरांत वाटली जातात. पण सिव्हिक, निऑन, फोकस या सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. वळवणारे टायर तेच, ओढणारेही तेच. इंजिन आणि गिअरबॉक्सही पुढेच, त्यामुळे साठ टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर. मागची दोन चाकं नुसती पाठोपाठ येतात.

म्हणून नवशिक्याची गाडी वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी सरळ जाऊ पाहते. तिथले लोक अशा गाडीला 'टाइट' म्हणतात, आणि जिची मागची बाजू सुटते तिला 'लूझ'. घाबरून अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला की पुढच्या टायरांची उरलीसुरली पकड संपते आणि गाडी भिंतीला भेटायला जाते.

जाणकार इथे काय करतात ते बघण्यासारखं आहे. वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर कलंडतं. गाडी ११०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर, असं धरलं तर वर काढलेल्या वेगाला तब्बल ३३० किलो भार डावीकडून उजवीकडे जातो. (अमेरिकेत अशा लंबगोल ट्रॅकवर गाड्या डावीकडेच वळत राहतात.) उजवीकडे ८८० किलो, डावीकडे २२०. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणजे भार जितका असमान, तितकी दोन टायरांची एकूण पकड कमी.

आता ही ३३० किलोंची बदली पुढे-मागे कशी वाटायची, एवढंच आपल्या हातात आहे. वजनाच्या प्रमाणात वाटली गेली तर पुढच्या उजव्या टायरवर सुमारे ५३० किलो येतात आणि पुढच्या डाव्यावर फक्त १३०. शिवाय साध्या डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या दातचक्रांच्या संचाची, एक खोड असते. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो जोर दुबळ्या चाकाला झेपेल तेवढाच. डावं चाक हलकं झालं की ते जागेवरच फिरायला लागतं आणि इंजिनाची ताकद रबराच्या धुरात जाते. पण मागच्या स्प्रिंगा कडक केल्या तर बदलीचा मोठा वाटा मागची चाकं उचलतात. मागचं डावं चाक जमिनीवरून सुटण्याच्या बेताला येईपर्यंत ती २२० किलो घेऊ शकतात. पुढच्यांच्या वाट्याला उरतात ११०. आता पुढे उजवीकडे ४४० आणि डावीकडे २२०. तीच गाडी, तेच इंजिन, पण वळताही येतं आणि ओढताही येतं. या वर्गातल्या चांगल्या गाड्या वळणात मागचं डावं चाक हवेत उचलून तीन चाकांवर जाताना दिसतात, त्याचं कारण हे. बघणाऱ्याला वाटतं गाडी उलटणार.

स्प्रिंगा बदलायला नियम परवानगी देत नसतील तर हेच काम हवेवर भागवतात. मागच्या टायरांत हवा जास्त भरली की ते कडक होतात, पकड सोडतात आणि गाडीचं बूड सहज फिरतं. यातही एक मेख आहे. शर्यत सुरू होताना टायर २० अंश सेल्सिअसला आणि दाब ३० पौंड असेल तर ८० अंशांना तो ३९ पौंडांपर्यंत चढतो. सर्वांत जास्त राबणारा पुढचा उजवा टायर सर्वांत जास्त तापतो. म्हणून पहिल्या पाच फेऱ्यांना सुतासारखी चालणारी गाडी पंधराव्या फेरीला ऐकेनाशी होते. हुशार माणूस शेवटच्या फेऱ्यांचा दाब मनात धरून सुरुवातीला हवा कमी भरतो आणि पहिल्या फेऱ्यांत दोन गाड्यांना पुढे जाऊ देतो. पेट्रोल पंपावर चारी टायरांत 'तीस-तीस' भरून निघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटायला वेळ लागतो.

चालकाचं वजनही कामाला येतं. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, वळणंही डावीकडे. म्हणजे ऐंशी किलोंचा माणूस आपसूक आतल्या बाजूला बसतो. आपली उजव्या स्टिअरिंगची गाडी तिथे नेली तर चालक नेमका चुकीच्या बाजूचं ओझं ठरेल.

या सततच्या डाव्या वळणाचा फटका इंजिनालाही बसतो. आडवा वेग-बदल ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट, असेल तर इंजिनातल्या तेलाचा पृष्ठभाग तब्बल ४२ अंशांत तिरका होतो. सगळं तेल तळपात्राच्या उजव्या टोकाला, आणि पंपाची नळी जिथून तेल ओढते ती जागा कोरडी पडायला आलेली. क्षणभर तेलाऐवजी हवा आत गेली तरी बेअरिंगं जळतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीने बाजारहाट करणारं कुटुंब डोळ्यांपुढे ठेवलं होतं, सहा-सहा सेकंदांचं वळण नव्हे. शनिवारी रात्रीचा इलाज अगदी साधा: लिटरभर तेल जास्त ओता. आणि पाणी उकळायला लागलंच तर भर उन्हाळ्यात हीटर चालू करा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र स्वस्तात भागवून चालत नाही. ताशी ७२ किलोमीटरने भिंतीवर आपटून गाडी साठ सेंटिमीटरांत थांबली तर सरासरी झटका ३४ जीचा बसतो. सीटचे पट्टे धड धरून ठेवतात, पण डोकं मोकळं असतं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले तर मानेला क्षणभर दोनशे किलोंची ओढ बसते. कवटीचा तळ इथेच मोडतो. रॉबर्ट हबर्ड हे जैवयांत्रिकीचे अभियंते आणि त्यांचे मेहुणे, रेसचालक जिम डाउनिंग, यांनी १९८० च्या दशकातच 'हान्स' नावाची खांद्यावर बसणारी पट्टी बनवली होती. तिचे दोर हेल्मेटला बांधलेले असतात, त्यामुळे डोकं धडाबरोबरच थांबतं. बरीच वर्षं चालकांनी ती अडचणीची म्हणून टाळली. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत नामवंत चालक डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाला इजा होऊन गेले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॅसकारने, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने, असं साधन सक्तीचं केलं. गावच्या ट्रॅकवर नियम जागोजागी वेगळे असतात. ज्याने पहिला पैसा टायरवर न घालता या पट्टीवर घातला, तो मला जास्त शहाणा वाटतो.

आता लबाडी. तिची परंपरा खेळाइतकीच जुनी आहे, आणि तीही वळणापासूनच सुरू होते. १९ जून १९४९ रोजी शार्लटला नॅसकारची 'स्ट्रिक्टली स्टॉक' गटातली, म्हणजे जशा विकल्या तशाच गाड्यांची, पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या सापडल्या. चोरटी दारू वाहणारे लोक लादलेली गाडी वळणात झुलू नये म्हणून अशी करामत करत. डनवेचा विजय रद्द झाला आणि लिंकन गाडी चालवणाऱ्या जिम रोपरला पहिला क्रमांक मिळाला. गाडीच्या मालकाने कोर्टात दाद मागितली, तिथेही हरला. विजय गेला तो इंजिनामुळे नव्हे, हे लक्षात घ्या.

चार सिलिंडरच्या वर्गात प्रत्येक इंजिन उघडून बघणं परवडणारं नसतं. म्हणून अनेक ट्रॅकवर एक चलाख नियम असतो, 'क्लेम'चा. शर्यत संपल्यावर मागे पडलेला स्पर्धक ठरलेल्या, अगदी माफक किमतीला जिंकणाऱ्याचं इंजिन, कुठे कुठे अख्खी गाडीच, विकत मागू शकतो. नकार दिला तर विजयही जातो आणि गुणही. त्यामुळे चोरून महागाचं इंजिन बसवणारा ते स्वस्तात दुसऱ्याच्या घशात घालण्याची तयारी ठेवूनच उतरतो. तपासनीस न नेमता प्रामाणिकपणा महागात पडणार नाही अशी ही व्यवस्था अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावी इतकी नेटकी आहे. अर्थात जुनं वैर काढायलाही तिचा वापर होतो, आणि मग पार्किंगमध्ये आवाज चढतात.

दोन-तीन मोसम इथे काढले की बरेच जण वरच्या वर्गात जातात, मागच्या चाकांवर चालणाऱ्या आठ सिलिंडरच्या गाड्यांत. वळणाची वाट, टायरची हवा, धीर, हे सगळं बरोबर येतं. एक सवय मात्र घात करते. सिव्हिकचं बूड घसरायला लागलं तर अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा असतो. भार मागे जातो, मागच्या टायरांना पकड मिळते, पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. पाय उचलला की गिरकी ठरलेली. मागच्या चाकांच्या गाडीत तसाच पाय दाबला तर आधीच घसरणाऱ्या टायरांवर इंजिनाचा जोर येतो आणि गिरकी त्यानेच बसते. म्हणून काही जुने चालक पोराला सरळ जुन्या रिअर-व्हील ड्राइव्ह फोर्ड पिंटोसारख्या मिनी स्टॉकमध्ये बसवावं असं सांगतात. पण चालू अवस्थेतली पिंटो आता मिळायला दुर्मीळ, आणि कॅव्हेलियर अजून भंगारात सापडते.