ह-न-च-र-क: खेळ अडतो तो जोडाक्षरापाशी

इंडोनेशियातल्या मध्य जावा, पूर्व जावा आणि योग्यकर्ता इथल्या शाळांत जावानीज भाषेबरोबर तिची जुनी लिपीही शिकवतात. लिपी ब्राह्मीच्या कुळातली, त्यामुळे तिची घडण आपल्याला परकी वाटत नाही. मूळ अक्षरं 20, प्रत्येकात 'अ' मुरलेला. क्रम मात्र वेगळा: ह न च र क, द त स व ल, प ड ज य ञ, म ग ब ट ङ. या चार ओळींची गोष्टच होते: दोन दूत होते, त्यांचं भांडण झालं, दोघे तुल्यबळ, दोघेही मेले.

गोष्टीमुळे पाठांतर पटकन होतं, आणि तिथेच फसगत होते. मधलाच 'ट' दाखवला की मूल मनात 'ह'पासून मोजत येतं. म्हणून अक्षर-ओळखीचा पत्त्यांचा खेळ घेताना पत्ते कायम पिसून घ्यायचे, आणि प, स, ह, य हे सारख्या वळणाचे चार एकाच डावात आणायचे.

खरी अडचण पुढे आहे. प्रत्येक अक्षराला 'पासाङान' नावाचं जोडरूप असतं. ते लावलं की आधीच्या अक्षरातला 'अ' जातो. शब्दांमध्ये जागा सोडत नसल्याने हे जोडाक्षर दोन शब्दांच्या सांध्यावरही होतं. 'माङान ताहु', म्हणजे टोफू खाणे, हे लिहायला म, ङ, न हवेत; 'न'च्या पोटाखाली 'त'चं जोडरूप, मग 'ह' आणि त्याला उकार. मुलं हमखास 'न'ला 'पांकोन', म्हणजे आपला हलन्त, देऊन मोकळी होतात. पांकोन मुख्यतः वाक्याच्या शेवटी लागतो. शब्द एकेकटे शिकवले की ही सवय जडणारच!

म्हणून नुसत्या ओळखीपेक्षा जुळवणीचा खेळ बरा. 20 काळे पत्ते मूळ अक्षरांचे, 20 लाल जोडरूपांचे, स्वरचिन्हं पारदर्शक प्लास्टिकवर, आणि पांकोनचा पत्ता गटाला एकच. एक जण वाक्य म्हणतो, बाकीचे मांडतात. लाल पत्ते बहुधा खाली बसतात, पण ह, स, प यांची जोडरूपं शेजारी येतात, तेव्हा उजवीकडे जागा ठेवायची. 'ओ'चे दोन तुकडे करावे लागतात, एक अक्षराच्या आधी, एक नंतर. शेवटचे र, ह, ङ यांना वेगळी चिन्हं आहेत. तिथे पांकोन चालत नाही.

मोबाइलवर हाच खेळ करताना युनिकोड फॉन्ट ॲपमध्येच घालावा. लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, 2009 साली आली, तरी फोनमध्ये फॉन्ट नसला की नुसते चौकोन दिसतात.