चिडवणारा एक, हसणारे सात

दादागिरीची तक्रार शाळेत गेली की ऑफिसात दोघांनाच बोलावणं येतं: ज्याने मारलं तो आणि ज्याने मार खाल्ला तो. उरलेल्या वर्गाला कोणी साक्षीलाही बोलावत नाही. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिव्हाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली नेमका हा उरलेला वर्ग अभ्यासाला घेतला. कुणी त्रास देणाऱ्याला हातभार लावतो, कुणी हसून चढवतो, कुणी सोसणाऱ्याची बाजू घेतो, आणि बरेच जण आपण त्या गावचेच नाही असं दाखवतात.

वडोदऱ्यात हे बघायचं तर वर्धीच्या, म्हणजे शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या, व्हॅनमध्ये डोकवावं. दांडिया बाजारातून व्हॅन भरून निघते. सहावीतल्या एकाचा डबा कुणीतरी ओढतो, झाकण उघडून लिला (म्हणजे हिरवा, ओलसर) चिवडा मागच्या सीटवर वाटून टाकतो. वाटताना त्याचं लक्ष चिवड्यात नसतं. कोण कोण हसतंय हे तो वळून वळून बघत असतो. हशा पिकला की उद्या पुन्हा तेच. ‘पोरं आहेत, मस्ती करणारच,’ हे ड्रायव्हरकाकांचं म्हणणं एखाद्या दिवसापुरतं खरंही असेल. पण या विषयाचा पाया घालणारे नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि उलटून बोलायची ताकद नसलेल्यावर होणारं. रोज त्याच मुलाचा डबा रिकामा होत असेल, तर ती मस्ती कसली?

टोरांटोतल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानात कॅमेरे लावून अशा घटना टिपल्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८८ टक्के घटनांच्या वेळी इतर मुलं हजर होती. मध्ये पडायचं धाडस मात्र साधारण पाचांतल्या एकाच घटनेत कुणी केलं. पण जेव्हा केलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार १० सेकंदांच्या आत थांबला.

मग बाकीचे गप्प का? मनातून अनेकांना तो प्रकार आवडत नसतो. पण सगळे हसतायत म्हणजे सगळ्यांना चालतंय, असं प्रत्येकाला वाटतं. शिवाय पुढचा नंबर आपला लागेल ही धास्ती असतेच.

न्यू जर्सीत ५६ शाळांमध्ये यावर एक प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या शाळांत काही मुलांना हाताशी धरून भांडणांविरुद्धची मोहीम त्यांच्यावरच सोपवली. चांगलं वागताना कोणी दिसला की ती त्याला नारिंगी रिस्टबँड द्यायची. त्या शाळांत वर्षभरात भांडणांच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. ज्या गटात सगळ्यांशी ऊठबस असलेली मुलं जास्त, तिथे गुण अधिक आला. आपल्याकडे अशा कामाला हमखास मॉनिटर नाहीतर पहिल्या नंबरवाली मुलगी निवडतात, आणि मग दयाळूपणावर निबंधस्पर्धा होते!

मध्ये पडायचं म्हणजे हाणामारी करायची असं नाही. ‘चल, माझ्याजवळ बस,’ एवढंही पुरतं. समोरचा थोराड असेल तर सरळ टीचरना सांगावं. घरी ‘तुला कोणी त्रास देतं का?’ असं विचारलं की बहुधा ‘नाही’ म्हणून विषय संपतो. त्यापेक्षा विचारा, ‘आज व्हॅनमध्ये कोणाची खेचली? तेव्हा तू काय करत होतास?’