केबिनमध्ये नवे डॉक्टर दिसले तर

"मोठे डॉक्टर नाहीत का आज?" केबिनमध्ये तरुण चेहरा दिसला की काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

आमच्याकडे बसणारे नवे डॉक्टर शिकाऊ विद्यार्थी नव्हेत. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय इथे कोणी बसत नाही. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवरच असतो, जरूर बघा. काहींनी पुढे फॅमिली मेडिसिनमध्ये 3 वर्षांचं डीएनबी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं पदव्युत्तर शिक्षणही केलेलं असतं.

मग शिकायचं काय उरतं? हॉस्पिटलात पेशंट कॉटवर असतो, सकाळी राउंडला पुन्हा दिसतो. इथला पेशंट चिठ्ठी घेऊन घरी जातो. डेंग्यूत तर ताप उतरल्यावर, घरचे निर्धास्त झाल्यावरच त्रास वाढू शकतो. पोटात खूप दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं तर रात्र असली तरी थांबू नका, हे पेशंटला पटेल असं सांगणं इथे बसूनच जमतं.

सुरुवातीला मोठे डॉक्टर शेजारच्याच खुर्चीवर असतात. पुढे टेबल वेगळं होतं, पण दुपारी दवाखाना बंद झाला की सगळे केसपेपर दोघं मिळून वाचतात. लाल पेनाची खूण झाली तर आमचा फोन येईल. घाबरू नका, बहुतेक वेळा डोस बदलायचा असतो. छातीत दुखणं, गरोदरपणातला रक्तस्राव, 3 महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप, हे मात्र नवे डॉक्टर एकट्याने बघत नाहीत.

वेळ जरा जास्त लागतो, हे खरं. बाळाचं वजन ते दर वेळी करतात, घरातली तापाच्या औषधाची बाटली आणायला सांगतात. पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये 5 मिलीत 125 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात 250. "अर्धा चमचा द्या" म्हटलं तर कुठल्या बाटलीतला?

एक तक्रार मात्र आम्ही नुसती ऐकून घेतो: "नवे डॉक्टर सुई देत नाहीत." साध्या सर्दी-खोकल्याला सुई लागत नाही. मोठे डॉक्टरही देणार नाहीत, उगाच दोनदा नंबर लावू नका.

मोठ्या डॉक्टरांनाच दाखवायचं असेल तर नंबर लावतानाच सांगा. कारण विचारणार नाही, फीही तीच. थोडं थांबावं लागेल, एवढंच.