पॉड इन्स्टॉल की पॉड अपडेट?

बाणेरच्या आमच्या टीममध्ये कुणी नवीन आलं की पहिल्याच आठवड्यात मी बजावतो: कारण नसताना ‘पॉड अपडेट’ ही कमांड मारू नकोस. इन्स्टॉल पहिल्यांदा करायचं आणि नंतर दर वेळी अपडेट, अशी बहुतेकांची समजूत असते. नावांवरून तसं वाटतंच. पण आयफोन अ‍ॅपसाठी कोकोपॉड्स (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या लायब्रऱ्या आणून देणारं साधन) वापरताना या दोन कमांडमधला खरा फरक आहे तो लॉक फाइल, म्हणजे आणलेल्या व्हर्जनची नोंद, मानायची की नाही, एवढाच.

पॉडफाइल म्हणजे वाण्याकडे दिलेली यादी: कोणत्या लायब्रऱ्या हव्यात आणि कोणती व्हर्जन चालतील. तिच्यात आपण ‘~> ५.४’ लिहितो, म्हणजे ५.४ किंवा त्यापुढचं काहीही चालेल, फक्त ६.० आणि त्यापुढचं नको. (‘~> ५.४.१’ लिहिलं, तर मुभा ५.५च्या अलीकडेच संपते. हा शेवटचा आकडा भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो.) पॉडफाइल.लॉक ही लॉक फाइल म्हणजे पावती: घरात प्रत्यक्ष ५.४.३ आलं, अशी तिच्यात नोंद असते.

पॉड इन्स्टॉल पावती बघून तेच व्हर्जन आणतं. नवी लायब्ररी यादीत घातली तरी हीच कमांड चालवायची. पॉड अपडेट पावती बाजूला ठेवतं आणि यादीत बसणारं सगळ्यात नवं व्हर्जन शोधतं. पुढे लायब्ररीचं नाव दिलं तर तिच्यापुरतं, नाही दिलं तर सगळ्यांचं.

आमच्याकडे रिलीजच्या आदल्या संध्याकाळी एकाने एक छोटी लायब्ररी घालायला नुसतं पॉड अपडेट चालवलं. बाकीच्याही लायब्रऱ्या सरकल्या, बिल्ड (कोडपासून अ‍ॅप तयार करणं) मोडली आणि नेमकं काय बदललं ते शोधण्यात रात्र गेली.

‘पॉडफाइलमध्ये मी नेमकं व्हर्जनच लिहितो, मग लॉक कशाला?’ असं हमखास विचारलं जातं. तुमची लायब्ररी आणखी एखाद्या लायब्ररीवर उभी असते आणि ती तुमच्या यादीत नसते. तिचं व्हर्जन धरून ठेवते ती लॉक फाइलच. म्हणून ती गिटमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसोबत, हवीच, आणि बिल्ड सर्व्हरवर पॉड इन्स्टॉलला ‘डिप्लॉयमेंट’ पर्याय द्यावा. लॉक बदलायची वेळ आली, तर बिल्ड तिथेच थांबते.

नवं व्हर्जन हवंच असेल, तर आधी पॉड आउटडेटेड चालवून काय काय मागे पडलंय ते बघा. मग एकेकीचं नाव देऊन अपडेट करा आणि लॉकमधला बदल रिव्ह्यूला वेगळा टाका.