संगणकांच्या उत्पादनमालिकांचे नूतनीकरण

विक्रीत असलेल्या संगणकांच्या जागी नवी मॉडेले केव्हा आणायची, हे ठरविण्याच्या प्रक्रियेस उत्पादनमालिकेचे नूतनीकरण म्हणतात. हा निर्णय वरकरणी संगणक कंपनीचा दिसतो. प्रत्यक्षात त्याचे वेळापत्रक बरेचसे प्रोसेसर बनविणारे ठरवितात आणि हातातला जुना माल कधी, कोणत्या भावाने संपवायचा एवढेच कंपनीच्या पुरते स्वाधीन असते.

इंटेलने २००७ पासून ‘टिक-टॉक’ नावाचा क्रम पाळला. त्यात एका पायरीला जुनीच रचना अधिक सूक्ष्म ट्रान्झिस्टरांवर उतरविली जाई आणि पुढच्या पायरीला त्याच ट्रान्झिस्टरांवर नवी रचना येई. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपन्या आपापली वार्षिक आखणी याच तालावर करीत. १४ नॅनोमीटरच्या ‘ब्रॉडवेल’ पिढीचे उत्पादन रखडले आणि हा ताल बिघडला. मे २०१५ मध्ये अ‍ॅपलने १५ इंची मॅकबुक प्रो नवा म्हणून बाजारात आणला, तेव्हा त्याला साजेसा चार गाभ्यांचा (कोअरचा) ब्रॉडवेल प्रोसेसर उपलब्ध नसल्याने आत आधीच्याच ‘हॅसवेल’ पिढीचा प्रोसेसर होता. इंटेलने २०१६ मध्ये तो दुपायरी क्रम सोडून दिला.

नव्या प्रोसेसरची वाट पाहणे जसे भाग पडते, तसे तो सर्वांआधी वापरण्यात संधीही असते. इंटेलचा ८०३८६ प्रोसेसर असलेला डेस्कप्रो ३८६ हा संगणक कॉम्पॅकने सप्टेंबर १९८६ मध्ये विक्रीस आणला. आयबीएमचा तसा संगणक पुढच्या वर्षी आला आणि पीसीची दिशा आयबीएमच ठरविणार, हा समज तेथून ढळू लागला.

नव्या मॉडेलची वाच्यता लवकर केली, तर गिऱ्हाईक थांबते आणि जुना माल पडून राहतो. याला ‘ऑस्बोर्न परिणाम’ म्हणतात. बालपण तमिळनाडूतील तिरुवन्नामलई येथे गेलेल्या अ‍ॅडम ऑस्बोर्न यांच्या कंपनीने १९८१ मध्ये १,७९५ डॉलरना उचलून नेण्याजोगा संगणक आणला आणि तो झपाट्याने खपला. १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची चर्चा विक्रेत्यांपर्यंत पोचली, मागणी आटली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, अशी ही कथा सांगितली जाते. ती जरा जास्तच सुटसुटीत आहे. ऑस्बोर्नचा पडदा ५ इंची होता, तर कायप्रो कंपनी तेवढ्याच किमतीत ९ इंची पडदा देत होती, आणि आयबीएमशी सुसंगत यंत्रांकडे बाजार वळला होता. तरीही धडा उद्योगाने मनावर घेतला आणि पुढील मॉडेलांविषयी मौन पाळणे हा अनेक कंपन्यांचा शिरस्ता झाला.

घरगुती मालिकांचे नूतनीकरण शाळा-महाविद्यालये सुरू होण्याचे दिवस आणि वर्षअखेरचे सण यांच्या बेताने होते. कार्यालयीन मालिकांचे गणित मात्र उलटे असते. हजारो यंत्रांवर एकच तपासलेली सॉफ्टवेअर-मांडणी चढविणाऱ्या संस्थांना मधेच बदललेला एखादा सुटा भागही डोकेदुखी वाटतो. म्हणून अशा यंत्रांसाठी इंटेल सुमारे १५ महिने किंवा पुढची पिढी येईपर्यंत स्थैर्य राखण्याचा कार्यक्रम चालविते.

कधीकधी आधीची रचनाच नूतनीकरणाच्या आड येते. अ‍ॅपलच्या डिसेंबर २०१३ मधील दंडगोल मॅक प्रो या संगणकामध्ये प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स कार्डे एकाच त्रिकोणी उष्णताशोषकाच्या तीन बाजूंना बसविली होती. पुढे बाजार एकाच मोठ्या, अधिक तापणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे झुकला आणि ती उष्णता या रचनेत सामावेना. आपण स्वतःलाच औष्णिक कोंडीत अडकवून घेतले, अशा आशयाची कबुली अ‍ॅपलने एप्रिल २०१७ मध्ये काही मोजक्या पत्रकारांपुढे दिली. नवा मॅक प्रो डिसेंबर २०१९ मध्ये आला. त्यानंतर सहाच महिन्यांनी अ‍ॅपलने इंटेल सोडून स्वतःचे प्रोसेसर वापरण्याची घोषणा केली, तरी ते इंटेलवर चालणारे यंत्र जून २०२३ पर्यंत विक्रीत राहिले.