कोळंबीवरचा जुना आरोप

बडोद्याला आमच्या दांडिया बाजारातल्या घरी मुंबईहून कुणी यायचं असलं की आजही आधी निरोप जातो, ‘येताना सोडे आण.’ सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. वालाच्या बिरड्यात मूठभर पडले की सगळा जिना दरवळतो. घरातला सोड्यांचा डबा मामांनी गेल्या महिन्यात स्वतःच्या हातांनी शेजारी देऊन टाकला. रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १४८ आलं होतं आणि कुणीतरी सांगितलं होतं, कोळंबीत कोलेस्टेरॉल फार.

सांगणाऱ्याचा आकडा चुकीचा नव्हता. शंभर ग्रॅम कच्च्या कोळंबीत साधारण १५० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. तेवढ्याच बांगड्यात ७०च्या आसपास, माकुलात (स्क्विड) २३०, गाबोळीत म्हणजे माशाच्या अंड्यांत त्याहूनही बरंच जास्त. एका अंड्यात साधारण १८५.

गंमत अशी की कोळंबीला कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येतच नाही. तिला ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. वाढताना ती पुन्हा पुन्हा कात टाकते आणि कात टाकायला लावणारं संप्रेरक कोलेस्टेरॉलपासून तयार होतं. म्हणून तलावात कोळंबी वाढवणारे तिच्या खाद्यात मुद्दाम कोलेस्टेरॉल मिसळतात.

आपलं उलट आहे. आपल्याला लागणारं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. जेवणातून थोडं जास्त आलं तर बहुतेकांचं शरीर आपलं उत्पादन कमी करतं. रक्तातले एलडीएलचे कण यकृताच्या पेशी आत ओढून घेतात, त्यासाठी त्यांच्यावर खास ग्राहक-रेणू असतात. हे उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. वनस्पती तूप, लोणी, पामतेल, खोबरेल यांतली संपृक्त चरबी नेमकी याच ग्राहक-रेणूंचं काम मंदावते. मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं. कोळंबीत ही चरबी शंभर ग्रॅममागे अर्धा ग्रॅमसुद्धा नसते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी हे माणसांवर तपासून पाहिलं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात निरोगी माणसांना रोज तीनशे ग्रॅम वाफवलेली कोळंबी दिली. कमी कोलेस्टेरॉलच्या जेवणाच्या तुलनेत एलडीएल ७ टक्क्यांनी वाढलं, पण चांगलं म्हणतात ते एचडीएल १२ टक्क्यांनी वाढलं आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी १३ टक्क्यांनी उतरली. एलडीएल वाढलं हे लपवायचं कारण नाही. पण रोज तीनशे ग्रॅम कोळंबी आपल्यापैकी कोण खातं? ज्यांना मधुमेह आहे किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त आहे, त्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

मला चिंता वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मामांची कोळंबी सुटली, पण संध्याकाळचा तळलेला लीलो चेवडो (बडोद्याचा बटाटा-डाळीचा चिवडा) आणि रविवारची शेव-उसळ चालूच राहिली. घरात मासा आला तरी रवा लावून, तेलात बुडवून तळलेला. कोळंबी निर्दोष असली तरी तिच्याबरोबर कढईतलं तेल पोटात जातंच.

आणि मासा निवडायचाच तर बांगडा घ्यावा, तारली घ्यावी. आपल्या घरांत पाहुण्यांसाठी पापलेट आणि बांगड्याला ‘वास येतो’ म्हणून मागे ढकलायचं, ही रीत मला कधीच पटलेली नाही. बांगड्याच्या अंगच्या तेलात ओमेगा-३ नावाचं स्निग्धाम्ल भरपूर असतं. ते एलडीएल फारसं उतरवत नाही, पण ट्रायग्लिसराइड उतरवतं. आठवड्यातून दोनदा मासे खा, त्यातही तेलकट, असा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा सल्ला आहे. मुशीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे लहान मासे खात वाढतात, त्यांच्या अंगात पारा साठतो. गरोदर बाईला ते देऊ नयेत. खारवलेला बांगडा रक्तदाब असलेल्यांनी टाळावा.

बडोद्यात बांगडा घेताना एक काळजी हवी. सौराष्ट्रातल्या वेरावळ बंदराहून इथपर्यंतचा रस्ता लांबचा, वाटेत बर्फ कमी पडला तर बांगड्यात हिस्टामिन नावाचं रसायन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. म्हणून कल्ला उचलून पाहावा, लालभडक हवा. डोळा फुगीर हवा. बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं.

परवा असाच बांगडा आणून चिंच-लसणीचं कालवण केलं. जेवताना मामी म्हणाल्या, ‘आणि सोडे?’ हिशेब तिथेच केला. चौघांच्या बिरड्यात वीसेक ग्रॅम सोडे पडतात. वाळल्यावर कोळंबीचं वजन साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं, म्हणजे ती ऐंशी ग्रॅम ओली कोळंबी झाली. त्यात कोलेस्टेरॉल १२० मिलिग्रॅम, माणशी तीस. एका अंड्याचा सहावा भाग. मामींनी हात धुतले आणि मुंबईला फोन लावला.