प्लिमथ डस्टर : घरच्या घरी पुनर्बांधणी

प्लिमथ डस्टर ही अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीची १९७० ते १९७६ या मॉडेल-वर्षांतली दोन दारांची आटोपशीर गाडी. व्हॅलियंट या साध्यासुध्या घरगुती गाडीचा पुढचा भाग जसाच्या तसा ठेवून कंपनीने मागची बॉडी तेवढी नवी बेतली. त्यामुळे १९७० साली साधी डस्टर २,१७२ डॉलरला, तर ३४० घन इंच इंजिनाची आणि २७५ अश्वशक्तीची डस्टर ३४० ही २,५४७ डॉलरला विकता आली. पहिल्या वर्षी २ लाखांहून जास्त गाड्या खपल्या. त्यांत ३४० इंजिनाच्या २५ हजारही नव्हत्या. उरलेल्यांत सहा सिलिंडरचे ‘स्लँट सिक्स’ किंवा ३१८ घन इंचाचे व्ही-८ असे. कमी पैशात मसल कार (साध्या बॉडीत मोठ्या ताकदीचे इंजिन असलेली गाडी) उभी करायची तर याच ‘उरलेल्या’ गाड्या कामाच्या.

खरी ३४० मिळाली तरी तिची किंमत घरगुती अंदाजपत्रकात बसत नाही, आणि खोट्या ३४० बऱ्याच फिरतात. चालकाच्या बाजूला पुढच्या काचेतून दिसणाऱ्या क्रमांकपट्टीवर पाचवे अक्षर पाहावे. १९७० च्या गाडीत ‘एच’ म्हणजे ३४०, ‘जी’ म्हणजे ३१८ आणि ‘सी’ म्हणजे २२५ घन इंचाचा स्लँट सिक्स. बोनेटवरचे पट्टे आणि मडगार्डवरची चिन्हे कोणीही चिकटवू शकतो.

गाडी पारखताना

डस्टरला वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार वाहते, म्हणून तिला लागलेला गंज दिसण्यापुरता राहत नाही. आधी गाडीखाली जाऊन टॉर्शन बारची (पुढच्या चाकांना स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांड्यांची) मागची टोके जिथे बसतात ती आडवी पेटी आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे टांगल्या आहेत ते भाग स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावेत. पत्रा आत गेला तर गाडी सोडून द्यावी. ते दुरुस्त होते, पण मापे धरायला जिग (बॉडी जागच्या जागी धरणारा सांगाडा) लागतो आणि तिथेच ‘स्वस्त’ हा शब्द संपतो. नंतर वायपरखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओतावे. ते पायाशी गळले तर आतली पन्हळ कुजली आहे आणि डॅशबोर्ड उतरवावा लागणार. डिकीतला पत्रा बहुधा मागच्या काचेच्या खालच्या कडेतून झिरपलेल्या पाण्याने जातो. नुसता पत्रा बदलला आणि काचेची कड तशीच ठेवली, तर नवाही कुजतो.

गंजानंतर पाहायचे ते गाडीचे सामान पुरे आहे का. मस्टँग किंवा कॅमारोचा जवळपास प्रत्येक भाग आज नव्याने बनतो. डस्टरच्या बाबतीत तसे नाही. पुढची जाळी, मागच्या दिव्यांच्या चौकटी, दारांच्या पट्ट्या हरवल्या असतील तर त्या शोधण्यात इंजिन उघडण्यापेक्षा जास्त पैसे जाऊ शकतात. बंद पडलेली पण अख्खी, कोरडी गाडी ही सुरू होणाऱ्या पण कुजक्या गाडीपेक्षा नेहमी स्वस्त पडते.

पत्रा

फ्लोअर कापण्यापूर्वी दारे बसवलेली असतानाच त्यांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात आणि दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्याव्यात. एका वेळी एकच बाजू कापावी. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर बॉडी मधोमध खचते, आणि हे कळते ते शेवटी, दार लागेनासे झाल्यावर.

पत्रा साधारण ०.९ मिमी जाडीचा असतो. त्याला मिग वेल्डर, ०.६ मिमी तार आणि ७५ टक्के आर्गॉन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण चालते. सलग शिवण मारू नये. सुमारे २५ मिमी अंतराने टाके घालत, दर वेळी लांबची जागा धरत फिरावे. घाई केली की पत्रा तापून लाटेसारखा उठतो आणि मग पुटीचे थर चढतात. पुटी ३ मिमीच्या आतच हवी. एकमेकांवर चढणाऱ्या पत्र्यांच्या आतल्या बाजूला वेल्डिंगपूर्वी जस्ताचा प्राइमर लावावा. नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. छत आणि मागच्या मडगार्डच्या जोडावर कारखान्यातच शिसे भरलेले असते. ते कोरडे घासू नये, धूळ विषारी असते.

सस्पेन्शन आणि ब्रेक

१९७० च्या गाडीत डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे माहीत नसताना एअर गन लावली की स्टड तुटतात. टॉर्शन बार काढण्याआधी ॲडजस्टर बोल्ट पूर्ण सैल करावा. बार पकडीने ओढू नये, कारण वरचा ओरखडा पुढे तडा बनतो. डावा आणि उजवा बार अदलाबदल करता येत नाहीत. टोकावरचा क्रमांक विषम असेल तर डावा, सम असेल तर उजवा.

पुढे ड्रम ब्रेक असतील तर मोडीतून एकच खरेदी साऱ्या कामाची: १९७३ ते १९७६ ची डिस्क ब्रेकवाली डस्टर, व्हॅलियंट किंवा डॉज डार्ट. तिचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो भाग), कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारी पकड) आणि वरचे कंट्रोल आर्म (स्पिंडलला बॉडीशी जोडणारे हात) एकत्र घ्यावेत. आर्म आणि स्पिंडल जोडणारा वरचा बॉल जॉइंट मोठा असल्याने जुन्या आर्ममध्ये तो बसत नाही आणि नेमका हाच भाग विसरला जातो. नव्या चाकांचे नट ४½ इंची वर्तुळावर बसतात, जुन्यांचे ४ इंची. म्हणून त्याच गाडीचा ८¼ इंची (हे माप आतल्या मोठ्या गिअरच्या व्यासाचे) मागचा ॲक्सलही आणावा. तो ३१८ मागच्या नाजूक ७¼ इंची ॲक्सलपेक्षा दणकटही आहे. प्रोपेलर शाफ्टची लांबी मात्र मोजून घ्यावी. मास्टर सिलिंडर डिस्कसाठीचाच हवा. ड्रमवाल्यातली दाब धरून ठेवणारी झडप पुढचे पॅड सतत घासत ठेवते. जुने लाइनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. हवेने फुंकू नयेत, ओले करून पुसावेत.

इंजिन

३१८ हे चिवट इंजिन आहे. त्याचे खरे दुखणे म्हणजे टायमिंग साखळीच्या (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीच्या) वरच्या चाकाचे नायलॉनचे दात. ते तुटून ऑइल पॅनमध्ये पडतात आणि पंपाची जाळी बुजवतात. इंजिन उत्तम चालत असले तरी पॅन उतरवून जाळी धुवावी आणि पोलादी दुहेरी साखळी बसवावी. मेन कॅप (क्रँकशाफ्ट जागी धरणारे) ८५ आणि कनेक्टिंग रॉडचे नट ४५ फूट-पाउंड आवळावेत. जुना कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) ठेवायचा असेल तर त्यावर टेकणारा प्रत्येक लिफ्टर त्याच्याच जागी परत जायला हवा.

सुरू करण्यापूर्वी डिस्ट्रिब्यूटर आणि त्याखालचा गिअरचा दांडा काढून ५/१६ इंची षट्कोनी दांडा ड्रिलला लावून ऑइल पंप फिरवावा. दाब आला तरी रॉकरांपर्यंत (हेडवर झडपा दाबणाऱ्या पट्ट्यांपर्यंत) तेल पोहोचेलच असे नाही, कारण हेडकडे जाणारी वाट कॅमच्या ठरावीक स्थितीतच उघडते. म्हणून मधूनमधून क्रँक थोडा फिरवावा. फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या दिशेने. नवा कॅम असेल तर जस्तयुक्त तेल भरून इंजिन लगेच मिनिटाला २,००० फेऱ्यांवर न्यावे आणि वीस मिनिटे तिथेच ठेवावे. ते आयडलवर सोडले तर कॅमचे उंचवटे झिजतात.

रंग आणि वायरिंग

घरी रंगकाम करायचे तर एपॉक्सी प्राइमरवर एकथरी युरेथेन सर्वांत स्वस्त पडतो. पण हार्डनरमधील आयसोसायनेट साध्या मास्कने अडत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. त्याची सोय नसेल तर तयारी घरी करून फवारणी पेंटरकडे द्यावी.

वायरिंगमध्ये फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरचा) मोठा कनेक्टर आधी उघडावा. चार्जिंगचा सारा प्रवाह त्याच्या दोन पिनांतून डॅशमधल्या अँमीटरला जाऊन परत येतो. पिना गंजल्या की तापतात आणि प्लॅस्टिक वितळते. उपाय सोपा: अल्टरनेटरपासून बॅटरीकडे फ्युजिबल लिंकसह (प्रवाह वाढला की वितळणाऱ्या तुकड्यासह) जाड तार टाकावी आणि अँमीटरऐवजी व्होल्टमीटर लावावा.

पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे जुने संपर्क) काढून क्रायस्लरचेच इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल, तर पिकअपची (त्यांच्या जागी आलेल्या चुंबकीय संवेदकाची) फट ०.००८ इंच ठेवावी आणि ती पितळी गेजने मोजावी. कंट्रोल बॉक्सखालचा रंग खरवडावा. अर्थिंग नसेल तर ठिणगी नाही. किल्ली फिरवताच इंजिन पेटते आणि किल्ली सोडताच बंद पडते, तेव्हा कार्ब्युरेटर उघडू नये. बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशनचा प्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग) जळालेला असतो. तो काही डॉलरना मिळतो, आणि एक जास्तीचा ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवण्याची या गाड्यांच्या मालकांत जुनी रीत आहे.